लाइव्ह ग्राफ अडखळतो? या चुका टाळा

सेन्सरचा ग्राफ अडखळू लागला की नवशिके आधी लॅपटॉपला दोष देतात. लॅपटॉपचा बहुधा काही दोष नसतो. पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब ही ग्राफ काढायची लायब्ररी वापरणाऱ्या मुलांच्या प्रोजेक्टांत दरवर्षी तीच गोष्ट दिसते: व्हाइल लूप (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारा), त्यात रेष काढणारा प्लॉट, खाली क्षणभर थांबवणारा पॉझ.

प्लॉट म्हटल्यावर जुनी रेष बदलत नाही, तिच्यावर नवी रेष बसते. रंग एकच दिलेला असल्याने डोळ्यांना एकच दिसते. सेकंदाला एक रीडिंग घेतलं तरी तासाभरात 3600 रेषा साचतात आणि प्रत्येक वेळी त्या सगळ्या पुन्हा काढाव्या लागतात.

फोंड्याच्या एका प्रदर्शनात मुलांनी खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतल्या) मानशीचं, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दाराचं, सुरेख मॉडेल आणलं होतं. काचेच्या टाकीत भरती-ओहोटी, लाकडी दार, वर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर, आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डातून लॅपटॉपवर पाण्याची पातळी. सकाळी दोन मिनिटांच्या चाचणीत सगळं झकास. दुपारी परीक्षक आले. मुलीने दार उघडलं, पाणी भराभर उतरलं आणि ग्राफ मात्र जागचा हलेना. टाकी रिकामी झाली तरी पडद्यावर भरतीच! लूप रेषा काढण्यात गुंतला होता आणि रीडिंग सिरीयल बफरमध्ये (केबलमधून आलेला डेटा वाचेपर्यंत थांबतो त्या जागेत) तुंबली होती. पडद्यावर दिसत होतं ते काही मिनिटांपूर्वीचं पाणी. परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळले. त्या मुलांची मेहनत एका ओळीपायी झाकली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

रेष लूपच्या बाहेर एकदाच काढा, तिला व्हेरिएबलमध्ये धरा आणि आत फक्त सेट_डेटा करा, म्हणजे त्याच रेषेला नवे आकडे द्या. अक्ष मग आपोआप हलत नाहीत. त्यासाठी रीलिम आणि ऑटोस्केल_व्ह्यू आहेत. मी मात्र पातळीचा अक्ष आधीच बांधून टाकतो. टाकी 40 सेंटिमीटरची, तर अक्ष 0 ते 40. सारख्या उड्या मारणाऱ्या अक्षावर पाणी चढतंय की उतरतंय ते कळतच नाही. लिस्टऐवजी मॅक्सलेन (कमाल लांबी) दिलेला डेक हा पायथनचा यादीप्रकार वापरा, जुनी रीडिंग आपोआप गळतात. सिरीयल वाचायचं काम वेगळ्या थ्रेडकडे (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागाकडे) द्या.

दुसरी चूक फंकॲनिमेशनची, म्हणजे ठरावीक वेळाने ग्राफ आपोआप अपडेट करणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या सोयीची. मुलं ते एखाद्या फंक्शनमध्ये बनवतात आणि व्हेरिएबलमध्ये धरूनच ठेवत नाहीत. पायथन ते बेवारस समजून साफ करतो, ग्राफ हलतच नाही. मग कुठून तरी उचललेला कोड चिकटवला जातो. ॲनिमेशन व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि खिडकी बंद होईपर्यंत ते जिवंत राहील असं पाहा, बस्स.

फंकॲनिमेशनमध्ये ब्लिट ट्रू करणं हा घाईवाल्यांचा लाडका शॉर्टकट. त्यात अपडेट फंक्शनने परत दिलेल्या गोष्टीच नव्याने काढल्या जातात, म्हणून अक्षावरचे आकडे जुनेच राहतात. अक्ष बांधलेला असेल तरच ब्लिट वापरा.

लूपमध्ये थांबण्यासाठी पायथनचा टाइम डॉट स्लीप वापरला तर खिडकी गोठते. मॅटप्लॉटलिबचा स्वतःचा पॉझ घ्या.

फंकॲनिमेशनचा इंटरव्हल, म्हणजे दोन अपडेटमधला वेळ, 1 मिलिसेकंद ठेवू नका. साधा स्क्रीन सेकंदाला 60 वेळाच बदलतो, आणि पाण्याच्या पातळीला 200 मिलिसेकंद भरपूर झाले.

सेकंदाला हजारो रीडिंग येत असतील तर पायक्यूटीग्राफ या जास्त वेगवान ग्राफ लायब्ररीकडे वळा.

आणि चाचणी दोन मिनिटांत आटपू नका. ग्राफ तासभर चालू ठेवा, मग सेन्सरपुढे हात धरा आणि रेष तिथल्या तिथे हलते का पाहा.