ऐंशी युरोंची सायकल गेली, आता काय करायचं

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट स्टेशनबाहेर ज्या खांबाला मी सायकल लावली होती, तो खांब जागच्या जागी होता. सायकल नव्हती. नोव्हेंबरची रात्र, साडेदहा वाजलेले, आणि वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. सकाळी गाडी चुकेल म्हणून खाली तळघरातल्या स्टँडवर न जाता सायकल बाहेरच अडकवली होती. खाली पहिले २४ तास फुकट, शिवाय माणसाचा पहारा. म्हणजे तीन मिनिटं वाचवायला गेले आणि सायकल घालवून बसले.

तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी शेजारच्या रांगा नीट बघा. हसू नका. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, आणि जुन्या बाजारातल्या बहुतेक काळ्याच. माझ्या वर्गातल्या एका मुलानं चार दिवस सुतक पाळलं आणि पाचव्या दिवशी त्याची सायकल स्टेशनच्या दुसऱ्या दाराशी उभी सापडली.

तिथेही नसेल, तरी लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नका. ‘खेमेन्ते’, म्हणजे आपली नगरपालिका, चुकीच्या जागी लावलेल्या किंवा फार दिवस पडून राहिलेल्या सायकली उचलून नेते आणि त्यासाठी कुलूपही कापते. त्यामुळे जमिनीवर कापलेली साखळी दिसली, तरी त्यावरून काहीच ठरत नाही. इथल्या सायकली उचलल्या जातील अशी पाटी जवळपास आहे का बघा, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेला विचारा. त्यांच्या डेपोत असेल तर दंड भरून, किल्ली दाखवून सोडवता येते. ऐंशी युरोंच्या सायकलीसाठी दंड भरावा का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

खरोखर चोरीच असेल, तर पोलिसांत तक्रार द्या. तिला ‘आंगिफ्ते’ म्हणतात. डिजीडी, म्हणजे सरकारी साइटवर लॉगिन करायची ओळख, असेल तर पोलिसांच्या साइटवर घरबसल्या होते. नसेल तर ०९००-८८४४ ला फोन करून वेळ घ्या. “एवढ्या स्वस्त सायकलीसाठी कोण पोलीस शोधायला बसलाय?” असं मलाही वाटलं होतं. शोधायला कुणी बसत नाही, हे खरंच आहे. पण फ्रेमवरचा नंबर चोरीच्या नोंदीत जातो आणि उद्या ती सायकल कुणी विकायला काढली, तर घेणाऱ्याला नंबर टाकून तपासता येतं.

तक्रारीच्या फॉर्मवर मी अडकले ती याच नंबरापाशी. रंग काळा, मूठ एका बाजूची फाटलेली, घंटी वाजत नाही, सगळं तोंडपाठ. नंबर माहीत नाही. ‘मार्क्टप्लाट्स’ या जुन्या वस्तूंच्या साइटवरच्या ज्या काकूंकडून सायकल घेतली, त्यांना मेसेज केला. त्यांनाही माहीत नव्हता. त्या बिचाऱ्या दोनदा ‘सॉरी’ म्हणाल्या.

म्हणून तुमची सायकल अजून दाराशी उभी असेल, तर हे वाचून होताच खाली जा. नंबर बहुधा सीटच्या खालच्या नळीवर असतो. तिथे नसेल तर पॅडलच्या दांड्याखाली, हँडलच्या नळीवर किंवा मागच्या चाकाच्या नटाजवळ बघा. जुन्या टूथब्रशनं चिखल काढा आणि मोबाईलची बॅटरी समोरून न मारता तिरकी धरा, म्हणजे खोदलेले आकडे उठून दिसतात. शून्य आहे की ‘ओ’, हे फोटो मोठा करून तपासा. सोबत अख्ख्या सायकलीचाही एक फोटो काढा.

विम्याची फार आशा धरू नका. घरसामानाच्या विम्यात रस्त्यावरून गेलेली सायकल सहसा वेगळे पैसे भरल्याशिवाय येत नाही. सायकलीचा वेगळा विमा असेल, तर दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली पहिल्याच जुडग्यात ठेवू नका.

आता दुसरी सायकल. रात्री एखादा माणूस हळूच जवळ येऊन पंधरा-वीस युरोंत सायकल देऊ करेल. मलाही विचारलं गेलं, तेही चोरी झाल्यावर आठवड्याच्या आत. पायी फिरून पिंडऱ्या दुखत होत्या, त्यामुळे मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण चोरीचा माल घेणं हा इथे गुन्हा आहे, आणि किमतीवरूनच शंका यायला हवी होती असं असेल, तर ‘मला काय माहीत’ म्हणून सुटका नाही. जुनी सायकल घेताना आधी नंबर मागा आणि तपासा. सरळ माणूस लगेच देतो. ही कटकटच नको असेल, तर स्वापफीट्स ही सायकल भाड्यानं देणारी कंपनी आहे. २०१४ मध्ये डेल्फ्टमध्येच सुरू झालेली, पुढचा टायर निळा. महिन्याचं भाडं भरायचं, दुरुस्ती त्यांची, चोरी झाली तर ठरलेली रक्कम आपण द्यायची. एकच वर्ष राहणार असाल तर मी तेच सुचवेन.

कुलपाबाबत मात्र कंजुषी नको. मागच्या चाकाचं गोल कुलूप फक्त चाक अडवतं. सायकल उचलून टेम्पोत टाकायला त्याची काही अडचण नाही. सोबत जाड साखळी हवी. ती पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन खांबाला बांधायची, आणि कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही, नाहीतर हातोड्याला आयता आधार मिळतो. दुकानात ‘एआरटी’चे, म्हणजे कुलपाच्या मजबुतीचे, तारे छापलेली कुलपं मिळतात, निदान दोन ताऱ्यांचं घ्या. माझं आत्ताचं कुलूप चाळीस युरोंचं आहे आणि सायकल साठची. बाबांना अजून हे पटलेलं नाही. साठ युरोंत इचलकरंजीत काय-काय येतं, ते त्यांनी फोनवर ऐकवलं.

नवी आणली त्या संध्याकाळी मी पहिला फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, “अगं, यात नुसते आकडेच दिसतायत. सायकल कुठाय?”