पहिले चार शनिवार संवाद वाटू नका

गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात नाटकाला शिक्षक लागतो हेच पुष्कळांना पटत नाही. देवळाच्या उत्सवातलं रात्रभराचं नाटक बघत, मध्येच आजीच्या मांडीवर झोपत मुलं वाढतात. दहा वर्षांच्या पोराला नुसतं 'राजा हो' म्हणा, तो छाती काढतो, हात कमरेवर ठेवतो, आवाज जाड करतो. हा राजा गेल्या वर्षी त्याच्या काकाने केलेला. तो अंगातून उतरवायलाच मला जून-जुलै लागतात.

मुलांचा शनिवारचा नाट्यवर्ग सुरू केला तेव्हा पहिल्या वर्षी मी उत्साहाने वीस पानांची बालनाटिका हातात दिली. प्रयोगाच्या दिवशी विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "जरा उजवीकडे सरक." आमच्या राजकन्येने प्रधानाकडे बघून खणखणीत म्हटलं, "जरा उजवीकडे सरक!" सभामंडप हसून लोळला. पोरीची काय चूक? विंगेतून येईल ते बोलायचं, एवढंच मी तिला शिकवलं होतं. तेव्हापासून माझ्या वर्गात प्रॉम्प्टर नाही आणि पहिले चार शनिवार कागदही नाही.

चौदा-पंधरा मुलं आणि दीड तास पुरे. त्याहून जास्त मुलं असतील तर दोन गट करा. सुरुवातीला गोल करून नाव सांगण्याचे, टाळी पुढे सरकवण्याचे खेळ घ्या, दहा मिनिटं. ते सगळ्यांना येतात.

मग नारळ खवायला बसवा, अर्थात हातात काही न देता. आदोळी, म्हणजे खोबरं खवायची विळी, कुठे आहे, पाट केवढा, ताट कुठे ठेवलंय हे आधी ठरवायचं. एक मुलगी छान बसली, एक पाय दुमडून पाटावर दाबला, कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग, फिरवत फिरवत खोबरं पाडलं. झाल्यावर उठली आणि सरळ ताटातून चालत गेली. लगेच मागून ओरडा आला, "टीचर, तिणें खोबऱ्यांत पांय घालो!" अभिनयाचा तो पहिला धडा मुलांनी मुलांना दिला. नसलेलं ताट सगळ्यांनी पाहिलं होतं, ती मात्र विसरली होती. फणस कापायलाही लावा. आधी हाताला खोबरेल कोण चोळतं आणि चीक लागल्यावर कोण हात झटकतं, बघत राहा. ज्याने घरी पाहिलंय त्याचे हात खोटं बोलत नाहीत.

पुढच्या शनिवारसाठी घरचा अभ्यास द्या : एक माणूस बघून आणायचा. सकाळचा पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, बाजारातली मासेवाली, सरकारी कदंब बसचा कंडक्टर, कोणीही. पोदेराचा पों-पों हॉर्न सगळीच वाजवतात. पाव देताना त्याचा एक पाय जमिनीवर टेकलेला असतो की दोन्ही, असं विचारा. उत्तर आलं नाही तर परत पाठवा. बघून आणलेल्या माणसाची टिंगल मात्र करू देऊ नका.

आता भाषा, आमच्याकडचा खरा पेच. मुलं घरी कोंकणी बोलतात आणि मराठी आली की पाठ्यपुस्तकातली येते. म्हणून प्रसंग आधी कोंकणीत करून घ्या. पाव आणायला दिलेले पैसे हरवलेत आणि आई विचारतेय. "म्हाका खबर ना" म्हणताना मुलगा मान खाली घालतो, चप्पल जमिनीवर घासतो. तोच प्रसंग मराठीत करायला सांगितला की "मला ठाऊक नाही, आई" म्हणत हात वर जातो, जणू वक्तृत्व स्पर्धाच. मग मी म्हणते, शब्द मराठी घे, पण ती चप्पल सोडू नको. तीन-चार वेळा असं झालं की मराठी तोंडात बसते. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कींनी नटाच्या हाती 'जर' हा शब्द दिला तो याचसाठी. 'जर पैसे खरंच माझ्या हातून हरवले असते तर?' मुलांना नाव सांगायची गरज नाही, 'समजा' म्हटलं की कळतं.

आवाजासाठी पाठीवर झोपवून पोटावर वही ठेवा. श्वास घेताना वही वर यायला हवी, खांदे उचलता कामा नयेत. जुलैत मंडपाच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असला की मी मुद्दाम तालीम घेते. ओरडायचं नाही, शेवटच्या खांबापाशी बसलेल्याला गुपित सांगायचं. यात हमखास एक गोष्ट सापडते. मुलं वाक्याच्या शेवटी दम सोडून देतात. मराठीत तर सगळी मेख शेवटीच असते. 'मी तुला सोडणार नाही' मधलं 'नाही' पावसात वाहून गेलं, तर खलनायक एका क्षणात मवाळ होतो! शेवटचा शब्द खांबापर्यंत पोचला की नाही, ते खांबाजवळच्या मुलानेच सांगायचं.

पाचव्या शनिवारी संहिता द्या. पाच मिनिटांचा प्रवेश, दोन किंवा तीन पात्रं. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. गोऱ्या मुलाला राजा आणि जाड्याला विदूषक, हा रिवाज इथेच मोडला तर मोडेल. वाक्य विसरलं तर समोरच्याने त्याच पात्रात राहून प्रश्न विचारायचा: "मग आई काय म्हणाली?" यासाठी दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असावं लागतं, आणि प्रॉम्प्टर असता तर ते कोणी ऐकलंच नसतं.

प्रयोग चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर ठेवा, सणाच्या तोंडावर मुलं हाती लागत नाहीत. कपडे आदल्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. धोतर नेसून निदान दोन तालमी व्हायला हव्यात. आणि पालकांना आधीच सांगून ठेवा, मोबाईल धरून पहिल्या रांगेत उभं राहायचं नाही. एका आईने लेन्समधून हात हलवला आणि आमचा यमराज तिला टाटा करून मोकळा झाला.