नवीन मांजर पलंगाखालून बाहेरच येत नव्हतं, शेवटी हे केलं
दीड वर्षाची मनी दत्तक आणली, ती आल्या आल्या पलंगाखाली घुसली ती चार दिवस तिथेच, रात्री सगळे झोपले की जरासं खायची आणि शू मात्र चादरीवर. ओढून काढून बघितलं, दूध दिलं (जुलाब झाले, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचतच नाही), काही उपयोग नाही. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

मग ती खोली तिलाच दिली. रात्री ती खायला बाहेर आली तेव्हा पलंगाखाली बॅगा सरकवून जागा बंद केली आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात तिच्या जुन्या घरचा टॉवेल टाकला, कारण लपायला काहीतरी हवंच. लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी वाळूसारखं भरलेला ट्रे) एका टोकाला, खाणंपाणी दुसऱ्या टोकाला. चादर एन्झाइमवाल्या क्लीनरने धुतली, साध्या साबणाने वास पूर्ण जात नाही. मग रोज दोनदा २० मिनिटं नुसतं जमिनीवर बसायचं, टक लावून बघायचं नाही, नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटायचे. सहाव्या दिवशी तिने माझं बोट हुंगलं, मग त्यावर गाल घासला! त्यानंतरच दार उघडं ठेवलं, खोका मात्र अजून तिथेच आहे.

२४ तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या, उपाशी राहिल्याने मांजरांचं लिव्हर बिघडतं.