तो खडकीत, मी पिंपरीत

साखरपुडा झाला आणि पंधराव्या दिवशी तो खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाच्या, ट्रेनिंग सेंटरला अग्निवीर म्हणून दाखल झाला. मी राहते पिंपरीत, कामाला शिवाजीनगरला चष्म्याच्या दुकानात. रोज दोनदा माझी मेट्रो बोपोडी-खडकीवरून जाते. खिडकीतून छावणीची झाडं दिसतात. त्या झाडांआड कुठंतरी तो फॉल-इनला, म्हणजे रांगेत हजेरीला, उभा असणार. सगळे म्हणायचे, बरंय बाई, जवळच आहे. खरं सांगू, तो बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेला असता तर बरं झालं असतं. जवळ असून भेट नाही हे जास्त छळतं.

ज्यांचा होणारा नवरा किंवा मित्र आत्ता ट्रेनिंगला गेलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. अग्निवीरांचं ट्रेनिंग साधारण ३१ आठवड्यांचं. फोन जवळ ठेवता येत नाही. त्याच्या कंपनीत, म्हणजे तुकडीत, रविवारी दुपारी मिळायचा, कधी अर्धा तास, कधी वीस मिनिटं, एखाद्या रविवारी नाहीच. त्यातही पहिला फोन मावशींना, म्हणजे त्याच्या आईला. त्या मंचरजवळ गावी असतात. वीसातली बारा मिनिटं तिकडेच जायची. मी दोन रविवार मनातल्या मनात फुगून बसले. मग अक्कल आली. मी मावशींना शनिवारी रात्री फोन करायला लागले. घरचं, शेताचं, आजीच्या गुडघ्याचं त्या सांगणार, ते मी परत उगाळणार नाही, असं आमचं ठरलं. लग्न न झालेल्या मुलीला सेंटरच्या कागदांत कुठं जागा नसते. काही निरोप आलाच तर तो आईवडिलांकडे येतो. त्यामुळे सासूशी आधीच जमवून घ्या, हा माझा पहिला आणि स्वार्थी सल्ला.

तिसऱ्या रविवारी तो बोलेचना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "इथं झोप लागत नाही. गोठ्याचा आवाज नाही." मला वाटलं होतं, माझी आठवण येत असेल. याला आठवण कशाची, तर बैलाच्या गळ्यातल्या घंटेची! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्या रागात मी नको ते बोलले. "किती पोरं भरतीला पळून पळून दमली, तुझं झालंय तर रडतोस काय?" तो "हो" म्हणाला आणि फोन ठेवला. तो "हो" मला आठवडाभर ऐकू येत होता.

चूक निस्तरायला मी आणखी एक चूक केली. मावशींकडून गोठ्याचा आवाज रेकॉर्ड करून मागवला आणि त्याला पाठवला. रविवारी त्याने ऐकला, आणि मग उरलेली सगळी मिनिटं नुसतं नाक ओढणं. असले लाड करू नका. घर ऐकवलं की घर जास्तच लांब जातं.

उपयोग झाला तो भलत्याच गोष्टीचा. बोलायला काही सुचेना म्हणून मी विचारलं, बूट कसे चमकवतात रे तुमच्याकडे? आयुष्यात चपलेला फडकं न लावलेला हा माणूस सुरू झाला. कापसाचा बोळा घ्यायचा, पॉलिश अगदी नखाएवढं, वर पाण्याचा एकच थेंब, आणि टोकावर छोटे छोटे गोल फिरवायचे. घाई केली तर पांढुरका थर येतो, मग परत पहिल्यापासून. मी पप्पांच्या ऑफिसच्या बुटावर करून पाहिलं. पांढुरका थर आला. पुढच्या रविवारी तसं सांगितलं तर तो खो खो हसला आणि म्हणाला, "पाणी जास्त घेतलंस." त्यानंतर दर आठवड्याला एक धडा ठरला. चादरीची घडी, शिट्टी वाजल्यावर किती वेळात बाहेर, उस्तादांचा, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांचा, रगडा (दमवणारी शिक्षा) कसा असतो. तिथं तो सगळ्यात कच्चा होता, माझ्यासमोर मात्र उस्ताद.

पत्रं लिहा. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. पत्त्यात रिक्रूट नंबर, नाव, कंपनी सगळं नीट हवं, नाहीतर पत्र फिरत बसतं. लिहायचं साधंच. मेट्रोत कोण भांडलं, दुकानात कोणी चष्मा मोडून आणला. रडगाणं कागदावर नको. तुम्ही रविवारी रडता, तो ते बुधवारी रात्री बॅरेकमध्ये वाचतो, आणि तेव्हा तुम्हाला फोन करून विचारायची सोय त्याला नसते.

सहाव्या आठवड्यात "सोडून येतो" हे वाक्य आलंच. या वेळी मी ना समजावलं, ना ओरडले. म्हटलं, आज ठरवू नकोस, बुधवारी ठरव आणि मला लिहून कळव. पत्र आलं नाही. पुढच्या रविवारी तो फायरिंगबद्दल बोलत होता. मीही विषय काढला नाही.

पण घरची ओढ वेगळी आणि खरोखर खचणं वेगळं. जेवण तुटलं, झोप उडाली, मरणाच्या गोष्टी निघाल्या, तर रविवारची वाट पाहू नका. तो उस्तादांना सांगू शकतो, एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, डॉक्टर असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालतो. सैन्यातल्यांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून आपल्या पुण्यातच, एएफएमसी या सैन्याच्या मेडिकल कॉलेजात आहे.

तुमच्या स्वतःच्या चिंता रविवारी काढू नका. माझ्याकडे ढीग होता. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. पहिल्या वर्षी पगार ३० हजार, हातात २१, बाकीचे ९ सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेत. आमची आत्या प्रत्येक हळदीकुंकवाला "मग चार वर्षांनी काय गं?" विचारते. हे सगळं मी ताईकडे ओकायचे, तेही शनिवारी, म्हणजे रविवारी आवाज हलका राहायचा.

कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात त्या परेडला, त्याच्या आईवडिलांबरोबर मीही गेले. आईवडिलांना देतात ते गौरव पदक मावशींनी हातात घट्ट धरून ठेवलं होतं, पिशवीत टाकायला तयार नव्हत्या. त्याच्या वडिलांनी लग्नातले काळे बूट बाहेर काढले होते, ते आदल्या रात्री मी घासले होते, कापसाने, गोल गोल. तो समोर आला, वडिलांच्या पाया पडायला वाकला आणि तसाच वाकलेला माझ्याकडे बघून म्हणाला,

"टाच राहिलीय."