अभ्यासिकेसाठी मूडल: इन्स्टॉल एका दुपारी, बाकी सगळं नंतर

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि एमपीएससीचे मिळून सव्वाशेक पोट्टे-पोट्ट्या आहेत, अर्धे उमरेड, कुही, भिवापूरकडून येऊन रूम करून राहणारे. रविवारची टेस्ट आम्ही झेरॉक्सवर घ्यायचो. पेपर तपासायला दोन दिवस, रँक लावायला अजून एक, तोवर पुढची टेस्ट डोक्यावर. मग ऑनलाइन टेस्ट घेणाऱ्या ॲपवाल्यांना विचारलं तर त्यांचा हिशोब दर पोट्ट्यामागे दर महिन्याला, म्हटलं राहू द्या बाप्पा. तेव्हापासून मूडल चालवून राहिलो. कोणी विचारलं की दर वेळी तेच तेच फोनवर सांगतो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

मूडल म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेलं, ऑनलाइन वर्ग आणि टेस्ट घ्यायचं सॉफ्टवेअर, 1.0 व्हर्जन ऑगस्ट 2002 मध्ये आलं. जीपीएल या मुक्त लायसन्सवर आहे म्हणजे सॉफ्टवेअरचा एक रुपया लागत नाही. पैसे लागतात सर्व्हरचे, डोमेनचे, आणि तुमच्या रविवारचे.

पहिली चूक मी केली ती सांगतो म्हणजे तुम्ही नका करू. अभ्यासिकेतल्या जुन्या पीसीवरच लावलं, म्हटलं वायफायवर सगळे बसलेलेच असतात. एप्रिलपर्यंत छान चाललं. मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जाते, कूलरची हवा पोट्ट्यांकडे, पीसी कोपऱ्यात, त्यात भरदुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखे चालले पण पीसी धाडकन बंद, आणि डेटाबेसची दोन टेबलं खराब झाली. घरी शिकायला, खेळून पाहायला आपला पीसी ठीक आहे, पण खरी टेस्ट घ्यायची तर भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधला आपल्यापुरता सर्व्हर घ्या. मुंबईत डेटा सेंटर असलेला पाहा, 4 जीबी रॅम, 2 कोर, 80 जीबीच्या आसपास डिस्क. आमच्या सव्वाशे जणांना एवढं पुरते. 2 जीबीवरही चालू होते पण टेस्टच्या दिवशी धाप लागते.

व्हर्जन कोणतं घ्यायचं तर एलटीएस, म्हणजे ज्याला जास्त काळ अपडेट मिळतात ते. मूडलचं नवं मोठं व्हर्जन दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास येते, प्रत्येकामागे धावायची काही गरज नाही. 4.5 हे एलटीएस ऑक्टोबर 2024 ला आलं, त्याला ऑक्टोबर 2027 पर्यंत सिक्युरिटीचे अपडेट मिळणार. पुढं कधी 5.1 किंवा त्याच्या वरचं लावलं तर तिथं पब्लिक नावाचं फोल्डर आहे, वेब सर्व्हरला त्या फोल्डरकडे वळवावं लागते, जुन्या पद्धतीनं लावून बसाल तर साइट उघडणार नाही.

आता लावायचं कसं. सर्व्हरवर उबुंटू 24.04 ही लिनक्स सिस्टिम टाका, त्यात मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे ती पीएचपी 8.3 येते आणि ते 4.5 ला चालते. वेब सर्व्हर म्हणून अपाचे किंवा एनजिनएक्स जे येते ते घ्या. डेटाबेससाठी मारियाडीबी घ्या. पीएचपीची एक्स्टेन्शन्स लागतात: इंटल, जीडी, कर्ल, एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग, झिप, सोप, सोडियम. एखादं राहिलं तर इन्स्टॉलर स्वतःच लाल अक्षरात सांगते, घाबरू नका. पीएचपीच्या सेटिंगमध्ये मॅक्स इनपुट व्हार्स 5000 करा, नाहीतर पुढंच जाऊ देत नाही. डेटाबेस बनवताना कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 ठेवा. मराठीत साइट चालवायची आहे म्हणून हे पहिल्या दिवशीच नीट करा.

मूडलडेटा नावाचं एक वेगळं फोल्डर लागते, त्यात पोट्ट्यांनी अपलोड केलेलं सगळं जाते. ते वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा. बाहेर म्हणजे बाहेरच, आत ठेवलं तर लिंक टाइप करून कोणीही फाइल उघडू शकते. फोल्डरवर लिहायचा हक्क वेब सर्व्हरच्या युजरला द्या, काही लोक कंटाळून 777, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, करून टाकतात, तसं करू नका.

डोमेन आधी घ्या आणि एचटीटीपीएस आधी चालू करा, मग इन्स्टॉल. काहून का तर साइटचा पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये बसते आणि कोर्समधल्या लिंकांमध्येही शिरते, नंतर बदलायचा तर डेटाबेसमध्ये शोधून बदलत बसावं लागते. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, 90 दिवसांचं असते, सर्टबॉट नावाचं टूल ते आपोआप रिन्यू करते.

इथपर्यंत एक दुपार. चहा घ्या. याच्यापुढं ज्या तीन गोष्टी लोक विसरतात त्या विसरल्या की मग रात्री फोन येतात.

एक म्हणजे क्रॉन, सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय. मूडलची क्रॉन स्क्रिप्ट दर मिनिटाला चालली पाहिजे, तीसुद्धा वेब सर्व्हरच्याच युजरनं, रूट म्हणजे मुख्य ॲडमिन युजरनं नाही. ती नसली तर साइट वरून एकदम छान दिसते, पण मेल जात नाही, ऑटोमॅटिक बॅकअप होत नाही, आणि टेस्टची वेळ संपल्यावर ज्यानं ब्राउझर बंद केला त्याचा पेपर सबमिटच होत नाही, अर्धवट पडून राहते. मग तो पोट्टा म्हणते सर माझे मार्क कुठं गेले.

दुसरी टाइमझोन. सर्व्हर बाहेरून येते तेव्हा बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते. मी पहिली टेस्ट संध्याकाळी 7 ची लावली आणि ती उघडली रात्री 12.30 ला. साडेपाच तासांचा फरक, दुसरं काही नाही. व्हॉट्सॲपवर जे बोलणं खाल्लं ते इथं लिहीत नाही. ॲडमिनमध्ये लोकेशनच्या सेटिंगला जाऊन एशिया/कोलकाता करा आणि युजरला स्वतःचा टाइमझोन बदलता येणार नाही असं फोर्स करून टाका.

तिसरी गोष्ट मेल. व्हीपीएसवरून थेट मेल पाठवायच्या भानगडीत पडू नका, 25 नंबरचं पोर्ट बऱ्याच ठिकाणी बंद असते आणि गेला तरी स्पॅममध्ये जाते. एखादी एसएमटीपी सेवा, म्हणजे मेल पाठवून देणारी बाहेरची सेवा, 587 पोर्टवर जोडा. तसं पाहिलं तर आपले पोट्टे मेल उघडतच नाहीत, पासवर्ड रिसेटसाठी तेवढं लागते.

युजर बनवायचे ते सीएसव्ही फाइलनं (स्प्रेडशीटमधून सेव्ह केलेली साधी यादी) एकदम. युजरनेम, फर्स्टनेम, लास्टनेम, ईमेल, पासवर्ड, हे हेडिंग इंग्रजी छोट्या अक्षरात. फाइल सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-8 निवडा, साधी सीएसव्ही केली तर मराठी नावांचा कचरा होते. रोल नंबर 001 असा ठेवला तर स्प्रेडशीट त्याचा 1 करून टाकते, म्हणून समोर एखादं अक्षर लावा. एकाच घरातले दोघं भाऊ एकच ईमेल देतात, मूडल ते घेत नाही, पण तशी परवानगी देणारी सेटिंग आहे ती चालू करा. पासवर्डचा नियम मुळात कडक असते, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, किमान 8 अक्षरं. मी चिन्हाची अट काढून टाकली कारण मोबाइलच्या कीबोर्डवर पोट्ट्यांना ते सापडत नव्हतं. स्वतःहून नोंदणी करायची सोय बंदच ठेवा, नाहीतर महिनाभरात औषधं विकणारे दोनशे विदेशी विद्यार्थी तुमच्या यादीत दिसतील. आणि आधार नंबर, घरचा पत्ता असलं काही मागू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, त्यामुळे दहावीचा वर्ग लावणार असाल तर फॉर्मवर आईवडिलांची सही घेऊन ठेवा.

आता खरं काम, प्रश्न. सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळ माझा इथं गेला आणि हे कोणी सांगत नाही. आपल्याकडं जुने पेपर असतात ते श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप केलेले, कारण डीटीपीवाल्याकडून करून घेतलेले. ते फॉन्ट युनिकोड नाहीत. मूडलमध्ये पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण फॉन्टचं नेमकं नाव निवडावं लागते आणि बदलल्यानंतरही डोळ्यांनी वाचावंच लागते: रफार एक अक्षर मागं-पुढं सरकते, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. 'वर्धा' चं भलतंच काही झालं आणि भूगोलाच्या टेस्टमध्ये पोट्ट्यांनी मला सोडलं नाही. आता मी दोन हुशार पोट्ट्यांना फी माफ केली आहे, ते प्रश्न तपासून देतात. कन्व्हर्ट करून तपासणं की नव्यानं टाइप करणं, याचा आधी 20 प्रश्नांवर अंदाज घ्या, आमच्या हातचं तर बरेचदा नव्यानं टाइप करणंच लवकर झालं.

प्रश्न एकेक करून फॉर्ममध्ये भरू नका, म्हातारे व्हाल. आयकेन नावाचा साधा फॉरमॅट आहे. नोटपॅडमध्ये एका ओळीत प्रश्न, खाली इंग्रजी ए, बी, सी, डी आणि टिंब देऊन पर्याय, शेवटच्या ओळीत आन्सर हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये, कोलन आणि बरोबर पर्यायाचं अक्षर. प्रश्न-पर्याय मराठीत चालतात, अक्षरं इंग्रजीच हवी. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करून इम्पोर्ट केली की शंभर प्रश्न एका मिनिटात आत.

पण आयकेनमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही. पोलीस भरतीला लागत नाही, 100 प्रश्न 90 मिनिटं, सरळ आहे. एमपीएससीसारखं एक चतुर्थांश कापायचं असेल तर गिफ्ट फॉरमॅट वापरा, त्यात चुकीच्या पर्यायासमोर उणे 25 टक्के लिहिता येते. प्रश्नाच्या सेटिंगमध्ये पेनल्टी नावाचं काहीतरी दिसेल, ते वेगळ्या पद्धतीच्या क्विझसाठी आहे, तिथं 25 टाकून काही होत नाही, मी एक अख्खा शनिवार त्यात घालवला आहे.

प्रश्न बँकेत विषयवार कॅटेगरी करा आणि टेस्टमध्ये प्रश्न रँडम उचलू द्या, पर्याय शफल करा. आणि रिव्ह्यूच्या सेटिंगमध्ये बरोबर उत्तरं फक्त क्विझ बंद झाल्यावर दिसतील असं ठेवा. सुरुवातीला मी सबमिट केल्याबरोबर दाखवत होतो, पहिला पोट्टा 40 मिनिटांत पेपर देऊन स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून मोकळा.

टेस्ट सुरू व्हायच्या ठोक्याला सगळे एकदम बटण दाबतात, सर्व्हर तिथंच अडकते. क्विझ 7 ला उघडा, बंद व्हायची वेळ 8.50 ठेवा आणि 7 ते 7.20 मध्ये कधीही सुरू करा म्हणून सांगा, प्रत्येकाचे 90 मिनिटं त्याच्या सुरुवातीपासून मोजले जातात. त्याशिवाय ओपकॅश (पीएचपीचा कोड मेमरीत तयार ठेवणारी सोय) चालू ठेवा आणि सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे त्याची नोंद, रेडिस नावाच्या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये टाका.

गावाकडं गेलेल्यांसाठी मूडलचं मोबाइल ॲप आहे. सर्व्हरवर मोबाइल सर्व्हिस चालू करा, मग क्विझमध्ये ऑफलाइन द्यायची परवानगी देता येते. कुहीच्या पुढं नेटवर्क जाते-येते तिथं सराव टेस्टला हे लय कामाचं आहे. पण मार्कांच्या टेस्टला नाही वापरत, ऑफलाइनमध्ये वेळेचं बंधन घालता येत नाही. व्हिडिओ सर्व्हरवर चढवू नका, डिस्क भरते. यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून लिंक द्या.

मराठी लँग्वेज पॅक आहे, ॲडमिनमधून एका क्लिकमध्ये येते. सगळं भाषांतर झालेलं नाही, मधे मधे इंग्रजी दिसते, आणि काही शब्द इतके जड आहेत की पोट्टे मलाच अर्थ विचारतात. ते शब्द भाषेच्या कस्टमायझेशनमध्ये जाऊन बदलता येतात, मी सरळ टेस्ट, मार्क, सबमिट असंच करून टाकलं. पीडीएफ सर्टिफिकेट मात्र इंग्रजीतच द्या, मूडल ज्या लायब्ररीनं पीडीएफ बनवते तिला जोडाक्षरं नीट जोडता येत नाहीत, 'विद्यार्थी' तुटून पडते.

बॅकअप म्हणजे तीन गोष्टी: डेटाबेसचा डम्प (पूर्ण नक्कल), मूडलडेटा फोल्डर, कॉन्फिग फाइल. रोज रात्री 3 ला डम्प होऊन दुसऱ्या जागी जाऊ द्या, त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप सर्व्हरसोबतच जाते. महिन्यातून एकदा तो डम्प घरच्या पीसीवर चढवून पाहा, उघडते का नाही. माझे पहिल्या वर्षी चार महिन्यांचे डम्प शून्य केबीचे निघाले, पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच होता. आता स्क्रिप्ट फाइलची साइझ पाहते आणि 10 एमबीच्या खाली आली की मला मेसेज टाकते.