दारातलं बाकडं: घरी करायचं पहिलं लाकडी फर्निचर

माझं पहिलं बाकडं मी एका मे महिन्यात केलं. सागाच्या तीन फळ्या कडेला कड भिडवून फेविकॉलने चिकटवल्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना चार-चार स्क्रूंनी आवळून टाकल्या. कुठे केसाएवढी फट दिसत नव्हती, याचा मला कोण अभिमान! जुलै अर्धा संपला आणि बैठक मधोमध वर आली. आई चप्पल घालायला त्यावर टेकली, लगेच उठली आणि म्हणाली, "अरे, हे पोटुशी राहिलंय की काय?"

झालं होतं इतकंच, की उन्हाळ्यात सुकलेलं लाकूड पावसाळी हवेत फुगलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. बारा इंच रुंद साग मे ते ऑगस्टमध्ये एखाद सूत (इंचाचा आठवा भाग) सहज वाढतो, आणि साग त्यातल्या त्यात शहाणा. आंबा किंवा पाइन त्याहून जास्त नाचतात. वाढायला जागा नसली की लाकूड एकतर वर उचलतं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तडकतं. आपले जुने दरवाजे पावसाळ्यात चौकटीत अडकतात ते याचमुळे.

म्हणून पहिली वस्तू म्हणून बाकडंच करा, पण फटींचं. बूट घालायला बसता येतं, ड्रॉवर-बिजागऱ्यांची भानगड नाही, आणि बाकड्यात जे शिकाल ते पुढे टीपॉयला, पलंगाला जसंच्या तसं लागतं.

मापं

सुतार इंच आणि सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. वखारीत जाण्याआधी हे तोंडात बसू द्या, नाहीतर तिथे "पावणेचार" म्हणजे काय यावर घोळ होतो (3 इंच 6 सूत).

बाकडं 42 इंच लांब, 12 इंच रुंद, साधारण 17 इंच उंच. त्यासाठी लागणारे तुकडे:

- पाय: 4, जाडी 2 × 2 इंच, लांबी 16 इंच
- लांब पट्ट्या: 2, 1 × 3 इंच, लांबी 32 इंच
- आखूड वरच्या पट्ट्या: 2, 1 × 3 इंच, लांबी 7 इंच
- आखूड खालच्या पट्ट्या: 2, 1 × 2 इंच, लांबी 7 इंच
- बैठक धरणाऱ्या आडव्या पट्ट्या: 3, 1 × दीड इंच, लांबी 8 इंच
- बैठकीच्या फळ्या: 3, जाडी 7 सूत, रुंदी 3 इंच 6 सूत, लांबी 42 इंच

तीन फळ्या आणि मधल्या दोन फटी, प्रत्येकी 3 सूत, मिळून बरोबर बारा इंच होतात. निव्वळ लाकूड सुमारे 0.6 घनफूट भरतं. रंध्यात आणि तोडीत जाणारं धरून पाऊण ते एक घनफूट घ्या. सागाचं झालं तर तयार बाकडं अकरा किलोच्या आसपास जातं, म्हणजे एकट्याने उचलून गॅलरीत नेता येतं.

लाकूड

वखारीत "सीपी" असा शब्द कानावर पडेल. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. विदर्भ त्या प्रांतात होता. तो प्रांत गेला, पण चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या सागाला चिकटलेलं नाव राहिलं. बाकड्याला सीपी उत्तम. पण पहिल्याच कामाला नवा साग घेऊ नका असं मी सांगेन, कारण एक तुकडा चुकीचा कापला की पोटात गोळा येतो.

त्यापेक्षा पाडकामाचं लाकूड शोधा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला किंवा जुन्या बाजारात, मुंबईत रे रोडकडे, आणि बहुतेक गावांत पाडकामवाल्यांकडे जुन्या चौकटी, तुळया, दारांच्या फळ्या मिळतात. हे लाकूड कितीतरी पावसाळे बघून बसलेलं असतं, त्यामुळे पीळ खायचं ते खाऊन झालेलं असतं. फक्त त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. वखारीच्या करवतीखाली घालण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. एक खिळा पात्याला लागला की पुढच्या वेळी तुमचं काम तो मिस्त्री घेणार नाही.

घेताना फळी एका डोळ्याजवळ धरून दुसऱ्या टोकाकडे बघा, बंदुकीने नेम धरतात तसं. बाक आणि पीळ लगेच दिसतो. कडेला पांढुरका पट्टा असेल तर ते सालीजवळचं कच्चं लाकूड, कीड आधी तिथे लागते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर फळी कितीही स्वस्त असो, परत ठेवा. ती कीड घरातल्या बाकीच्या लाकडातही शिरते.

उभं चिरणं आणि चारही बाजूंनी रंधणं वखारीतूनच करून घ्या. हातरंध्याने एक फळी सरळ करायला नवशिक्याला एक रविवार जातो, आणि शेवटी ती सरळ होतेच असं नाही. आडवी तोड मात्र घरी करा.

प्लायवूड का नको, असं कुणी विचारेल. कपाटाला प्लायच बरा, तो पावसाळ्यात हलत नाही. पण प्लायच्या कडा झाकाव्या लागतात आणि त्यात खुंटीचा सांधा शिकता येत नाही.

हत्यारं

बारीक दातांची करवत, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), टेप, अर्धा इंची पटाशी, हातोडी, ड्रिल मशीन, 8 मिमी आणि 3 मिमीचे लाकडाचे बिट, दोन-तीन शिकंजे (दुकानात "क्लॅम्प" म्हणा). एवढ्यात काम होतं. पैसे वाचवायचे तर ड्रिल शेजाऱ्याकडून आणा, पण गुण्या नवा आणि स्वतःचा घ्या. तो तपासायचा असा: सरळ कडेला टेकवून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. दुकानातच कागदावर करून बघा, दुकानदार काय म्हणेल याची पर्वा करू नका.

आखणी आणि तोड

बाकडं डुगडुगतं ते बहुतेक इथे.

चार पाय वेगवेगळे मोजू नका. चारही शेजारी शेजारी आडवे ठेवा, एका बाजूची टोकं एका ओळीत आणा, शिकंज्यात आवळा आणि चारही पायांवरून एकच आडवी रेघ ओढा. मोजण्यात चूक झालीच तर चौघांत सारखी होईल, आणि सोळाऐवजी पावणेसोळा इंचाचं बाकडं डुगडुगत नाही. लांब पट्ट्यांची जोडी आणि आखूड पट्ट्यांच्या जोड्या अशाच आखा.

रेघ पेन्सिलीने नको, सुरीने मारा. गुण्याला सुरीचं पातं टेकवून दोनदा हलकं ओढा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. शिवाय वरचे तंतू आधीच तुटल्यामुळे करवतीने कड फुटत नाही. करवत स्वतःच्या दातांएवढं लाकूड खाते, म्हणून ती रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवा. रेघ अर्धी तुकड्यावर शिल्लक दिसली पाहिजे.

सांधे: बांबूच्या खुंट्या

पट्टीचं टोक पायाला भिडवून नुसता स्क्रू मारला तर तो काही महिन्यांत ढिला होतो, कारण टोकाकडच्या उभ्या तंतूंत स्क्रूला पकड नसते. सुतार खाच आणि कुसू (खाचेत बसणारी जीभ) करेल. आपण पायाच्या बाहेरून आरपार खुंटी मारू. जुन्या दारांच्या चौकटीत बांबूच्या खुंट्या दिसतात ना, त्याच.

खुंट्या घरी करता येतात. लोखंडी पट्टीला 8 मिमीचं भोक पाडून घ्या, सुकलेल्या भरीव बांबूच्या काड्या सुरीने जाडसर गोल करा आणि त्या भोकातून हातोडीने ठोकून पार करा. पलीकडून गोल खुंटी बाहेर येते. प्रत्येक खुंटीला लांबीभर सुरीने एक बारीक चर पाडा. तो नसेल तर भोकाच्या तळाशी अडकलेल्या गोंदाला निघायला वाट राहत नाही आणि ठोकताना पट्टी चिरते.

पट्टी पायाच्या जाडीच्या मधोमध येईल अशी धरून शिकंज्यात आवळा. पायाच्या बाहेरच्या अंगाने 8 मिमीचं भोक पाडा: दोन इंच पायातून, दीड इंच पट्टीत, एकूण साडेतीन इंच. बिट तेवढं लांब आहे ना, हे आधी बघा. बिटावर साडेतीन इंचावर रंगीत टेप गुंडाळली की खोली चुकत नाही.

आता नीट लक्ष द्या. एकाच पायात दोन दिशांनी पट्ट्या येतात, आखूड आणि लांब. दोघींच्या खुंट्या एकाच उंचीवर मारल्या तर त्या पायाच्या आत एकमेकींना आडव्या जातात. मी हे केलं आहे. दुसरं भोक पाडताना पहिली खुंटी चक्काचूर झाली. म्हणून पायाच्या वरच्या टोकापासून मोजून आखूड पट्टीच्या खुंट्या 4 सुतावर आणि 2 इंचावर, लांब पट्टीच्या 1 इंच 2 सुतावर आणि 2 इंच 4 सुतावर. कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. खालची आखूड पट्टी जमिनीपासून चार इंचावर लावा. ती दोन इंच रुंद आहे, दोन कडांपासून अर्धा-अर्धा इंच सोडून तिलाही दोन खुंट्या.

जोडणी

आधी दोन बाजू करा. एक बाजू म्हणजे दोन पाय, वरची आखूड पट्टी, खालची आखूड पट्टी. सागात नैसर्गिक तेल असतं. चिकटायच्या जागा थिनरच्या फडक्याने पुसा आणि वाळल्या की लगेच गोंद लावा. भोकात गोंद, खुंटीला गोंद, ठोका. खुंटी बाहेर थोडी उरू द्या.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. एका पायाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात. एखाद सुताचा फरक असेल तर ज्या बाजूचा कर्ण मोठा त्या दोन टोकांना शिकंजा लावून हलकेच दाबा. रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू लांब पट्ट्यांनी जोडा, याच पद्धतीने. वाळल्यावर उरलेल्या खुंट्या करवतीने कापून पटाशीने सपाट करा.

आता सांगाडा घरातल्या सगळ्यात सपाट जागी उभा करा, स्वयंपाकघराचा ओटा चालेल. एखादा पाय अधांतरी असेल तर त्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून बाकडं स्थिर करा, आणि त्या पुठ्ठ्यांची जाडी बाकीच्या तीन पायांवर आखून तेवढं कापा. एकच पाय अंदाजाने घासत बसू नका. त्या नादात बाकड्याचे पाट होतात.

बैठक

8 इंची तीन पट्ट्या दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये आडव्या टाका, त्यांची वरची बाजू लांब पट्ट्यांच्या वरच्या कडेशी सपाट. दोन टोकांना पायांजवळ, एक मधोमध. प्रत्येक टोकाला गोंद आणि बाहेरून एक स्क्रू. टोकात स्क्रू धरत नाही हे आत्ताच सांगितलं, पण इथे माणसाचं बरंचसं वजन पायांवर आणि सांगाड्याच्या लांब-आखूड पट्ट्यांवर येतं. या 8 इंची पट्ट्यांचं मुख्य काम फळ्या उचलू न देणं.

तिन्ही फळ्या वर मांडा, मध्ये 3 सुताच्या दोन चिपा ठेवा म्हणजे फट सारखी राहते. मग खालून दीड इंची स्क्रू, प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीतून एकच. दोन नाहीत, आणि इथे गोंद अजिबात नाही. एका स्क्रूभोवती फळी दोन्ही बाजूंना हवी तितकी फुगू शकते, दोन मारले की तिचे हात बांधले. आधी 3 मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा, सागात नाहीतर डोकं मोडतं.

घासणं आणि तेल

पॉलिश पेपर 80, मग 120, मग 180, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवा फिरवलेला ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, तेल लावल्यावर उठून दिसतो. कडांवर दोन-चार हात जास्त मारा, मांडीला टोचतात त्या.

मला उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात "बॉइल्ड लिनसीड ऑइल" म्हणा) आवडतं. थोडं टर्पेंटाईन घालून फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी राहिलेलं पुसून काढा, दिवसाआड असे तीन हात द्या. ते फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघडं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पायांचे तळ विसरू नका. बाकडं उलटं करून त्या चार तळांवर तेल मुरेल तितकं पाजा, पाच-सहा वेळा. रोज फरशी पुसताना ओलं पोतेरं तिथेच टेकतं, आणि टोकाकडून लाकूड पाणी पितं तेवढं कुठूनच पीत नाही.