तयारी करूनही मुलाखतीत अडखळताय? या चुका टाळा

मुलाखतीत मागे पडणारे कित्येक जण भरपूर तयारी करून आलेले असतात. 'हमखास विचारले जाणारे प्रश्न' वाचून झालेले असतात, उत्तरं वहीत उतरवलेली असतात. मग समोरची व्यक्ती तोच प्रश्न जरा फिरवून विचारते आणि सगळं विस्कटतं. मेहनत कमी पडलेली नसते, ती चुकीच्या जागी खर्च झालेली असते. काम उत्तम येणारी माणसं केवळ एवढ्यामुळे मागे राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून या चुका जरा तपशिलात मांडतो.

उत्तरं पाठ करणं

पाठ केलेल्या उत्तराची अडचण अशी, की त्यातला एक शब्द निसटला की पुढचं वाक्यही निसटतं. शिवाय ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आवाज एकसुरी होतो, नजर शून्यात जाते आणि काय विचारलंय ते सोडून तयार उत्तर कुठेतरी बसवण्याची धडपड सुरू होते.

उत्तरांऐवजी प्रसंग तयार ठेवा. तुमच्या कामातले, प्रोजेक्टमधले किंवा शिकत असतानाचे सहा-सात खरे प्रसंग निवडा. कधी मुदत पाळताना दमछाक झाली असेल, कधी सहकाऱ्याशी मतभेद होऊन मार्ग निघाला असेल, कधी एखादी गोष्ट फसली आणि सावरली असेल, कधी अजिबात माहीत नसलेलं काम शिकून घ्यावं लागलं असेल. प्रत्येक प्रसंगाचे चारच मुद्दे लिहा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही नेमकं काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं. मुलाखतीच्या तयारीत ही पद्धत 'स्टार' नावाने ओळखली जाते. पूर्ण वाक्यं लिहू नका. मुद्दे डोक्यात असले की वाक्यं त्या वेळी सुचतात.

एकच प्रसंग अनेक प्रश्नांना पुरतो, हा याचा मोठा फायदा. मुदत पाळतानाचा तोच प्रसंग 'दडपणाखाली काम कसं करता', 'प्राधान्य कसं ठरवता' आणि 'टीमला सोबत कसं घेता' या तिन्ही प्रश्नांना चालतो, फक्त भर वेगळ्या भागावर द्यायचा.

प्रसंग सांगतानाही दोन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं म्हणजे पार्श्वभूमी लांबते. कंपनी कुठली, प्रोजेक्ट कसा सुरू झाला, कोण कोण होतं, हे सांगण्यातच दोन मिनिटं जातात आणि 'मी काय केलं' याला एक वाक्य उरतं. पार्श्वभूमीला दोन-तीन वाक्यं पुरे. उत्तराचा निम्म्याहून जास्त भाग तुमच्या कृतीचा हवा. दुसरं म्हणजे 'आम्ही'. 'आम्ही ठरवलं, आम्ही बदल केला, आमचं काम वेळेत झालं' हे ऐकून समोरच्याला टीमबद्दल कळतं, तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. सगळं श्रेय स्वतःकडे घेतल्यासारखं वाटेल या संकोचाने माणसं 'मी' टाळतात. संकोच समजण्यासारखा आहे, पण त्यावर उपाय आहे: 'टीमने नवी पद्धत आणली, त्यात माझ्याकडे तक्रारींची छाननी होती. मी तक्रारींचे प्रकार वेगळे केले, तेव्हा लक्षात आलं की एकच चूक पुन्हा पुन्हा येतेय.' यात टीमही आहे आणि तुम्हीही.

प्रसंगांना इतकं महत्त्व का, तर अनेक कंपन्या आता सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि ठरलेल्या निकषांवर गुण देतात. यामागे संशोधन आहे. श्मिट आणि हंटर या अभ्यासकांचं १९९८ मधलं विश्लेषण असो किंवा सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्या आकड्यांची केलेली फेरतपासणी असो, ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते, असंच दोन्हींत दिसतं. गुण देणाऱ्याला कागदावर लिहिण्यासाठी पुरावा लागतो. 'मी मेहनती आहे' हा पुरावा नव्हे, प्रसंग हा पुरावा.

वाचून झालं म्हणजे तयारी झाली असं समजणं

नोट्स चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि वाटतं, येतंय की! ओळखीचं वाटणं आणि आठवून बोलता येणं यात फार अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले.

म्हणून कागद बाजूला ठेवा आणि मोठ्याने बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं वाटतं, पण 'म्हणजे', 'अॅक्च्युअली', 'बेसिकली' किती वेळा येतं आणि उत्तर नेमकं कुठे भरकटतं हे दुसऱ्या कशानेही इतकं लख्ख कळत नाही. मॉक इंटरव्ह्यू घ्यायला कुणी मिळालं तर त्याला एवढंच सांगा, की प्रश्नांचा क्रम बदल आणि मध्येच 'का?' विचार. आपल्या क्षेत्रातलीच व्यक्ती हवी असं नाही. उलट क्षेत्राबाहेरच्या व्यक्तीला तुमचं काम समजलं तर एचआरलाही समजेल.

'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर सीव्ही वाचून दाखवणं

सीव्ही त्यांच्यासमोरच असतो. जन्मापासूनची कहाणी नको, छंदांची यादी नको. सध्या काय करता, त्याआधीच्या कोणत्या कामाने इथवर आणलं आणि आता ही जागा का हवी आहे, या क्रमाने दीड मिनिटात संपवा. या एका उत्तराचा सराव सगळ्यात जास्त करा. ते जवळपास प्रत्येक मुलाखतीत विचारलं जातं आणि पुढचे प्रश्न अनेकदा त्यातूनच निघतात. ज्या कामाबद्दल तुम्हाला भरभरून बोलता येतं, त्याचा उल्लेख इथे आवर्जून करा.

सीव्हीवर लिहिलेली प्रत्येक ओळ विचारली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. चार वर्षांपूर्वी जेमतेम हाताळलेलं सॉफ्टवेअर 'उत्तम येतं' म्हणून लिहिलं असेल तर आजच खोडा.

उणिवेला गुणाचा मुलामा देणं

'माझी उणीव म्हणजे मला प्रत्येक गोष्ट परिपूर्ण लागते.' हे उत्तर अजूनही शिकवलं जातं आणि ते तुमचं नुकसान करतं. सेझर, जिनो आणि नॉर्टन यांच्या २०१८ मधल्या संशोधनात असं आढळलं, की तक्रारीच्या किंवा नम्रतेच्या आडून केलेली बढाई ही सरळ बढाईपेक्षाही लोकांना कमी आवडते, कारण ती खोटी वाटते. खरी उणीव सांगा, पण या जागेच्या मुख्य कामाशी थेट संबंध नसलेली, आणि तुम्ही तिच्यावर काय करताय तेही सांगा. 'मोठ्या बैठकीत मी मत मांडायला कचरायचो. आता बैठकीआधी दोन मुद्दे लिहून नेतो आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यातला एक तरी मांडतो.' एवढं पुरतं.

घाबरायचंच नाही असं ठरवणं

'शांत राहा, शांत राहा' असं स्वतःला बजावून कुणी शांत होत नाही. हृदय धडधडत असताना शरीराला एकदम थंड करणं अवघड असतं. अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषण, गाणं किंवा गणित अशा कसोटीआधी ज्यांनी स्वतःला 'मी उत्साहात आहे' असं म्हटलं, त्यांची कामगिरी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड तीच असते, तिच्याकडे बघण्याची दृष्टी बदलते.

मला याहून दिलासादायक वाटतो तो सॅवित्स्की आणि गिलोविच यांचा २००३ मधला अभ्यास. बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी उघड दिसतेय असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि ज्यांना हे आधी सांगितलं होतं, त्यांची भाषणं प्रत्यक्षात जास्त चांगली झाली. तुमचा हात थरथरतोय हे तुम्हाला कळतं, टेबलापलीकडच्याला बहुधा कळत नाही. तेव्हा 'सॉरी, मी खूप नर्व्हस आहे' असं प्रत्येक उत्तराआधी सांगू नका.

हात पसरून ताठ उभं राहण्याची 'पॉवर पोझ' २०१० मधल्या एका संशोधनामुळे गाजली. त्याने शरीरातली संप्रेरकं बदलतात हा दावा २०१५ च्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही, आणि मूळ संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनीच २०१६ मध्ये त्यावरून विश्वास काढून घेतला. त्यापेक्षा दोन मिनिटं श्वास सावकाश सोडत बसा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची गती थोडी उतरते. आणि नेहमीपेक्षा जास्त कॉफी पिऊ नका. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, आणि धडधडीत त्याची भर नको.

ऐन मुलाखतीत बिघडलं तर

डोकं रिकामं झालं तर: 'एक क्षण विचार करून सांगते' किंवा 'सांगतो' असं म्हणा आणि खरंच थांबा. दहा भाषांमधल्या संभाषणांचा २००९ चा एक अभ्यास सांगतो, की प्रश्न आणि उत्तर यांत साधारणपणे सेकंदाचा पाचवा भाग एवढंच अंतर असतं. त्यामुळे चार सेकंदांची शांतता आपल्याला युगासारखी वाटते. समोरच्याला ती विचार करणाऱ्या माणसाची शांतता वाटते. तरी काही सुचलं नाही, तर प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत म्हणा. अनेकदा तेवढ्यातच धागा सापडतो.

प्रश्न कळला नाही तर अंदाजाने बोलू नका. 'तुम्ही ग्राहकांबद्दल विचारताय की टीमबद्दल?' असं नेमकं विचारा. नुसतं 'परत सांगाल का?' म्हटलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत परत येतो.

उत्तर येतच नसेल तर फेकाफेक नको. तांत्रिक फेरीत पुढचा दुसरा प्रश्न तिथेच खोदतो आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका घेतली जाते. 'हे मी प्रत्यक्ष वापरलेलं नाही. शोधायचं झालं तर मी अमुक ठिकाणापासून सुरुवात करेन' असं सांगा आणि तुमचा विचार मोठ्याने मांडा. पुष्कळदा त्यांना तोच ऐकायचा असतो.

आधीचं उत्तर चुकलं हे मागाहून लक्षात आलं तर दुरुस्त करा: 'मघाच्या प्रश्नात माझी गफलत झाली, बरोबर असं आहे.' तेवढंच. पुढची वीस मिनिटं त्या चुकीच्या ओझ्याखाली काढलीत तर नुकसान त्या चुकीने नव्हे, त्या ओझ्याने होतं.

आणि समोरची व्यक्ती सतत लॅपटॉपमध्ये बघतेय, हसत नाही, मान डोलवत नाही? ती बहुधा नोंदी करतेय. काही ठिकाणी सर्वांना समान वागणूक मिळावी म्हणून चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं मुलाखत घेणाऱ्यांना मुद्दाम सांगितलेलं असतं. चेहऱ्यावरून निकाल वाचू नका.

व्हिडिओवर मुलाखत असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, उजेड समोरून आणि आवाज स्पष्ट, हे तिन्ही आदल्या दिवशी तपासा. त्यात आवाज सगळ्यात महत्त्वाचा. चित्र अडकलं तर चालतं, आवाज तुटला की उत्तर गेलं. संपर्क तुटला तर कुणाला फोन करायचा, तो नंबर कागदावर लिहून ठेवा. नोट्स स्क्रीनवर ठेवून वाचू नका, डोळ्यांची हालचाल दिसते.

जुन्या साहेबांवर राग काढणं, आणि पगाराचं

'नोकरी का सोडताय?' या प्रश्नात जखमेवर बोट पडतं. तुमचा राग रास्त असेलही, पण समोरच्याला दुसरी बाजू माहीत नसते, त्याच्या लक्षात फक्त कडवटपणा राहतो. जिथून निघताय त्यापेक्षा जिथे जायचंय त्याबद्दल बोला. करिअरमध्ये गॅप असेल तर कारण एका वाक्यात सांगा, त्या काळात काय सांभाळलं किंवा शिकलं ते दुसऱ्यात, आणि आता कामाला तयार आहात हे तिसऱ्यात. ओशाळून सांगितलेल्या गॅपबद्दल जास्त प्रश्न येतात.

पगाराचा विषय पहिल्याच फेरीत आपणहून काढू नका, पण विचारलाच तर 'तुम्ही द्याल ते' असंही म्हणू नका. त्या क्षेत्रातले चालू पगार आधी पाहून एक पट्टा ठरवा. त्याचा खालचा आकडा तुम्हाला खरोखर परवडणारा हवा, कारण बोलणी बहुधा त्याच्याच आसपास येतात.

'तुम्हाला काही विचारायचंय?' याला 'नाही' म्हणणं ही तर हातची संधी सोडणं. 'या जागेवर येणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांत काय करावं अशी अपेक्षा आहे?' हा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो. उत्तर गोलगोल आलं तर ते तुम्हालाही काही सांगून जातं.

नकार आला की सगळंच बदलणं

नकारानंतर माणसं घाईने सीव्ही बदलतात, बोलण्याची ढब बदलतात, क्षेत्रच बदलायचा विचार करतात. आधी नेमकं कुठे अडतंय ते बघा. मुलाखतीचं बोलावणंच येत नसेल तर दोष मुलाखतीत नाही. सीव्ही जाहिरातीतल्या अपेक्षांशी जुळत नाही किंवा अर्ज चुकीच्या जागांना जातायत. पहिल्या फेरीतच अडत असेल तर सुरुवातीची ओळख, बोलण्यातली स्पष्टता, पगाराचा आकडा आणि नोटीस पीरियड तपासा. तांत्रिक फेरीत अडत असेल तर पायाभूत विषय उजळा. आणि शेवटच्या फेरीपर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचत असाल तर तुमच्यात मोठी खोट असण्याची शक्यता कमी आहे. तिथे दोन चांगल्यांमधून एक निवडला जातो, कधी आतल्याच कुणाला बढती मिळते, कधी जागाच रद्द होते.

मुलाखत झाल्यावर त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न लिहून काढा, दुसऱ्या दिवशी निम्मे आठवत नाहीत. जे उत्तर फसलं त्याच्यासमोर आता सुचणारे मुद्दे लिहा. नकाराचा मेल आला तर उत्तरात 'माझं काय चुकलं?' असं विचारू नका, त्यावर क्वचितच कुणी लिहितं. 'पुढच्या वेळी मी कोणत्या एका गोष्टीवर जास्त मेहनत घ्यावी?' असं विचारा. या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देणं समोरच्यालाही सोपं जातं. आठवडाभरात काहीच आलं नाही, तर पुन्हा न लिहिता पुढच्या अर्जाकडे वळा.